पुढच्या महिन्याची विहीर

शेजाऱ्यांकडे रत्नागिरीहून फोन आला. पलीकडे वहिनी होती. "हे गेले गं..." एवढंच म्हणाली. कुठलीही बहीण विचारते, कधी, काय झालं होतं? माझ्या तोंडून निघालं, "कुणी...?" वहिनीला माझा प्रश्न कळला. मग म्हणाली, "नाही. झोपेतच गेले. हृदय थांबलं." आणि रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. सख्खा भाऊ गेल्यावर हायसं वाटावं, इतकी भीती मनात कशी मुरली, ते सांगायचं आहे.

भाऊ कचेरीत कारकून आणि उरलेल्या वेळात टोपणनावाने रहस्यकथा लिहिणारा; ते टोपणनाव कुणाचं, हे रत्नागिरीत सगळ्यांना ठाऊक. मुंबईचा प्रकाशक दर महिन्याला एक कादंबरी काढी आणि तिच्या मलपृष्ठावर पुढच्या महिन्यातल्या कादंबरीची जाहिरात छापी. ती छापायची वेळ येई तेव्हा पुढच्या कादंबरीचं पहिलं पानही लिहिलेलं नसे. भाऊ जेवता जेवता एक नाव आणि चार ओळी रचून पाठवून देई, आणि मग महिनाभर त्या ओळींना साजेसा खून शोधत बसे. "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी," वहिनी चिडवायची. वाचक मात्र त्या चार ओळींवरच झुरत. वाचनालयात न लिहिलेल्या पुस्तकासाठी आधीच नंबर लागत.

पाचेक वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्याने अशाच ओळी पाठवल्या. पावसमधली आंब्याची बाग. कित्येक वर्षं न उपसलेली विहीर. तिच्या तळाशी काय आहे ते एकालाच ठाऊक... आणि आता तो बोलणार आहे! भाऊला त्यातलं काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. गाव घातलं ते ओळखीचं वाटावं म्हणून.

मे महिन्यात मी माहेरी होते. भर दुपारी एक माणूस आंब्यांची पेटी खांद्यावर घेऊन आला. पन्नाशीचा, स्वच्छ सदरा, बोलणं अगदी मऊ. पेटी ओटीवर ठेवली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "ह्यो बोलनारा मानूस कोन?"

भाऊ हसला. "अहो, कादंबरी आहे ती. अजून मलाच माहीत नाही."

"तुमाला कोनी सांगलान?"

"कुणी नाही. मनानेच लिहिलं."

तो माणूस भाऊकडे बघत राहिला. मग उठता उठता म्हणाला, "माजी बायको मुंबयला हाय, भावाकडे." त्याच्या बायकोचं आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

तो गेल्यावर भाऊला घाम फुटला. पोलिसांत जावं तर काय सांगणार? चार ओळी वाचून एक माणूस आंबे देऊन गेला? आणि कादंबरी... ती लिहिली नाही, तर घाबरलो म्हणजे नक्कीच काहीतरी ठाऊक आहे असं त्याला वाटणार. लिहिली, तर तो वाचणार. त्या दिवसांत दारावर थाप पडली की वहिनी मुलीला आत ओढायची. शेवटी भाऊने विहिरीतून तस्करीचं सोनं काढलं आणि बोलणारा माणूस कस्टमवाला केला. त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत भिकार कादंबरी ती. वाचकांनी नावं ठेवली, प्रकाशक वैतागला. भाऊ म्हणाला, "जिवंत आहोत ना?"

पावसाळा सरल्यावर कचेरीत कुणीतरी सहज सांगितलं, की तिकडच्या एका बागायतदाराने आपली जुनी विहीर चिरे टाकून बुजवली. भाऊ घरी आला, दौत-टाक माळ्यावर टाकला आणि त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. ती बाई खरंच मुंबईला असेलही. भाऊ स्वतःला हेच सांगत राहिला. मीही सांगते... पण तिची चौकशी आम्ही कुणीही कधी केली नाही.

त्यानंतर भाऊ नेहमी माजघराच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचा. पाठीला भिंत, समोर उघडं दार, दारातून दिसणारं फाटक. उकाड्यातही तिथून हलत नसे. दिवसकार्य झाल्यावर वहिनी म्हणाली, खुर्ची खिडकीपाशी घेऊ, वारा तरी लागेल. आम्ही दोघींनी ती उचलली, आणि परत तिथेच ठेवली. हा लेख मी तिच्यातच बसून लिहिला. लिहून झाल्यावर वहिनीला वाचून दाखवला. ती बराच वेळ फाटकाकडे बघत होती. मग म्हणाली, "गावाचं नाव बदल." मी बदललं आहे.