सासरे आणि चर्चमागचा चर

माझ्या सासऱ्यांनी पहिल्या झटक्यात खरी मानली अशी एकही गोष्ट या जगात नसेल. सातारा भागात तीस वर्षं एसटीचे तिकीट तपासनीस म्हणून गाड्या अडवल्यामुळे, समोरचा माणूस काहीतरी लपवतोय हे ते धरूनच चालत. २०२०च्या फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी ते आमच्याकडे डब्लिनला, सिटीवेस्टला आले आणि विमानं बंद झाली म्हणून दीड वर्ष राहिले. दुधावरची तारीख वाचून झाली की ते दूध हुंगत. लुआस नावाच्या इथल्या ट्राममध्ये कंडक्टर नसतो हे कळल्यावर दोन स्टेशनं ते प्रवाशांचे चेहरेच न्याहाळत बसले होते. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना कधीही 'कसे आहात' विचारा, ते 'ग्रँड', म्हणजे झकास, म्हणायचे. "रोजच्या रोज ग्रँड कसा आसंल मानूस? कायतर दुखतंय त्याचं, सांगत न्हाई," हे बाबांचं निदान.

त्या ऑगस्टमध्ये आमच्या मागच्या गल्लीतल्या मध्ययुगीन चर्चच्या भिंतींना ओल आली, म्हणून पावसाचं पाणी काढून द्यायला भिंतीलगत चर खणायला घेतला. एक डिगर, तो चालवणारा गडी आणि पिवळं जाकीट घालून कडेला उभी एक बाई. तिसऱ्या दिवशी बाबांनी मला लॅपटॉपवरून उठवून तिकडे नेलं. "आगं, ही बाई सकाळधरनं नुसती हुबी हाय. फावडं न्हाई, घमेलं न्हाई. कायतर गावलं की खिशात घालनार बघ."

मी बाईंना विचारलं. त्या पुरातत्त्वज्ञ निघाल्या. इतक्या जुन्या जागेत जुनी थडगी असू शकतात, म्हणून यंत्राच्या प्रत्येक खोऱ्यावर नजर ठेवायला त्यांना नेमलं होतं.

"म्हंजी चेकर हाय," बाबा म्हणाले. मग बाईंना खालीवर न्याहाळून, "पर चेकरवर कोन हाय?"

ते पद त्यांनी दुसऱ्या दिवसापासून स्वतःच घेतलं. छत्री, थर्मास आणि कुंपणाबाहेरचा दगडी कठडा.

एका दुपारी ते धापा टाकत घरी आले. "चल लवकर. ती बाई जेवाय गेली आन् गड्यानं दोन खोरी काढली. पांढरं कायतर व्हतं. पलीकडच्या ढिगात टाकलं."

इतक्या संकोचानं मी कुणाची चुगली कधी भाषांतरित केली नव्हती. गडी म्हणाला, "युअर मॅनला," म्हणजे इथल्या बोलीत 'या बुवाला', "भास झालाय." बाईंनी दोघांकडे पाहिलं आणि छोटी थापी घेऊन त्या ढिगापाशी बसल्या. बाबा कुंपणाबाहेरून ओरडत होते, "हितं न्हाई, वर! हां, तितंच!" अर्ध्या तासानं बोटाएवढं हाड निघालं. मग जबड्याचा तुकडा, त्यात दुधाचे दात. गड्यानं हेल्मेट काढलं. "मला दिसलंच नाही हो," तो हळूच म्हणाला. काम थांबलं. बाईंनी तो ढीग तीन दिवस चाळला आणि बाबांना कुंपणाच्या आत खुर्ची मिळाली.

पुढच्या एप्रिलमध्ये साताऱ्यात त्यांचे धाकटे भाऊ कोरोनानं गेले. हॉस्पिटलनं गुंडाळून दिलं, चार अनोळखी माणसांनी नेलं. आम्ही फोनवर पाहिलं.

"त्योच हाय कशावरनं?" बाबांनी विचारलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी कशावरच संशय घेतला नाही, आणि मला फार भीती वाटली.

जुलैमध्ये बाईंचा निरोप आला. हाडांचा अभ्यास संपला होता, त्या मुलाला चर्चजवळ पुन्हा पुरणार होते. पाद्री, बाई, तो गडी आणि आम्ही दोघं. बुटाच्या खोक्याएवढी लाकडी पेटी. पाद्री प्रार्थना सुरू करणार तोच बाबा पुढे झाले.

"तिला उघडाय सांग."

"बाबा, नको ना."

"सांग."

मी सांगितलं. बाईंनी पाद्र्यांकडे पाहिलं, गुडघ्यांवर बसल्या आणि झाकण काढून हाडांभोवतीचा एकेक कागद उलगडला. बाबा वाकून सगळं बघत राहिले, अगदी सावकाश.

"हाय," ते म्हणाले. "समदं हाय."

बाईंचा हात झाकणाकडे गेला, पण ते बाबांनीच लावलं. आणि त्यावरचा हात ते कितीतरी वेळ काढेनात.