दोन ठोके, मग एक

वाचकांच्या भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदरात माझ्या पुतण्याने माझीच हकीकत लिहून पाठवली होती. तिच्यातील निम्मा मजकूर खोटा आहे, म्हणून मला लेखणी उचलावी लागली. भूत, करणी, बाहेरची बाधा या गोष्टी मी उभ्या जन्मात मानल्या नाहीत. आजही मानत नाही. हे आधी वाचावे, मग पुढचे.

लाखनीजवळच्या एका राईस मिलमध्ये मी इंजिन-फिटर होतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची. बेअरिंग, टॅपेट, पिस्टन... यांतले कोण कण्हते आहे, ते मी डोळे मिटून सांगत असे.

त्या मिलमध्ये उकड्या तांदळासाठी धान भिजवायला लोखंडी टाक्या होत्या. टाकी धुण्यास माणूस आत उतरला की तो पान्याने आतून ठोके देई — दोन, थोडे थांबून एक. अर्थ असा, की आत माणूस आहे, पाणी सोडू नका. बाहेरचा एक ठोका देऊन उत्तर देई. ज्याने उत्तर दिले, त्याने आतला बाहेर येईपर्यंत जागा सोडायची नाही. खुद्द मालकाने बोलावले तरी नाही. मी ती कधीही सोडली नाही.

आता वरठीच्या आमच्या घरची गोष्ट. पुतण्या लिहितो, अमावास्येची रात्र होती. साफ खोटे. सकाळचे लख्ख ऊन होते. लाखनीला मुलीकडे नातीचे लग्न होते आणि निघण्यापूर्वी मी अंगणात आमची जुनी गाडी तपासत होतो. इंजिनातून ठोका येत होता.

"टॅपेट आहे ते, बाबा," माझा मुलगा प्रदीप म्हणाला. "चला आता, उशीर होऊन राहिला."

टॅपेटचा आवाज रेस दिली की भरभर होतो. हा होत नव्हता. मी स्क्रू-ड्रायव्हर लावला. दोन, थोडे थांबून एक. प्रदीपला इंजिन बंद करण्यास सांगितले. त्याने केले... ठोके चालूच राहिले. तापलेले लोखंड निवताना वाजते, हे मला कोणी शिकवू नये. ते वाजणे विरत जाते. हे विरत नव्हते.

माझा हात सवयीने उठला, आणि मी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने इंजिनावर एक ठोका दिला.

आतले ठोके थांबले.

मी फाटकापर्यंत गेलो, तर पुन्हा सुरू झाले. परत आलो, तर थांबले. प्रदीपला काहीच ऐकू आले नाही, हे मान्य. प्रदीपला कोणत्या इंजिनातले कधी काय ऐकू आले आहे? मी स्टूल ओढून गाडीजवळ बसलो.

सून म्हणाली, "आमी दिवसभर हाका मारतो, ते ऐकू येत नाही. इंजिनातला मानूस बरा ऐकू येते." मंडळी शेवटी दुसऱ्या गाडीने गेली. दुपारी मुलीचा फोन आला. मागे सनई वाजत होती.

"बाबा, पोरगी तुमची वाट पाहून राहिली. तिले काय सांगू?"

"सांग, आत माणूस आहे," मी म्हणालो.

तिने फोन ठेवला. नात अजून माझ्याशी बोलत नाही.

पुढे प्रदीपने मिस्त्री आणून माझ्यासमोर इंजिन उतरवले आणि सगळे सुटे केले. एकेक भाग गोणपाटावर मांडला. कुठेही झीज नाही, काही नाही. "पाहा बाबा, कोणी आहे का आत?" प्रदीपने विचारले. पुतण्याने आपली हकीकत येथेच संपवली आहे, जणू मी हरलो.

याचे स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही. ज्यांनी हकीकत छापून आणली, त्यांच्यापाशीही नाही. भंगारवाला दोनदा येऊन गेला, मी फाटक उघडले नाही. आत कोणी सापडले नाही, हे खरे आहे. पण बाहेरही कोणी आलेले नाही... आणि उत्तर मी दिले आहे.