गाडीचं आडनाव

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, नोव्हाय गावातल्या आमच्या ऑफिसात माझा एक सहकारी होता, नागपूरचा. एक जुनी अमेरिकन गाडी त्याने स्वतः दुरुस्त केली होती. तिच्या नाकावरचं कंपनीचं नाव मात्र काढून टाकलं होतं. लंचला तो चष्मा पुसत, सावकाश गाड्यांच्या जन्मकथा सांगायचा.

"यातली कित्येक नावं म्हणजे माणसांची आडनावं, यार. एकाने कंपनी काढली. भागीदारांनी त्यालाच हाकललं, आडनाव तेवढं ठेवून घेतलं. म्हातारपणी त्याच्याकडे गाडीसुद्धा नव्हती."



तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला एका नव्या काकांनी त्याला विचारलं, "नाव कळलं हो, पण आडनाव?"

त्याने स्पष्ट सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणत काका दुसऱ्या टेबलाकडे वळले. मी माझ्या प्लेटकडे बघत राहिलो.

निघताना तेच काका त्याच्या गाडीभोवती घुटमळू लागले. "झकास आहे! कुठल्या कंपनीची?"

त्याने इंजिन सुरू केलं. काका कान देऊन ऐकत राहिले. "वा! काय आवाज आहे! पण कंपनी कुठली?"

"आवडला ना आवाज? मग बसा, काका. एक चक्कर मारू," असं शांतपणे म्हणत त्याने शेजारचं दार उघडून धरलं.

काकांनी घड्याळ पाहिलं.