डी. बी. इनामदार यांचं पूर्ण नाव

इनामदारांना जेवढं विचारलं तेवढंच ते सांगायचे. 'जेवलात का?' म्हटलं की 'जेवलो.' काय जेवलात हे हवं असेल तर वेगळं विचारायचं. त्यात लपवाछपवी काहीच नव्हती, स्वभावच तसा. समोरच्याला खरंच जाणून घ्यायचंय की नुसतं तोंड चालवायचंय, याचा ते अंदाज घेत असावेत. मी दुसऱ्या प्रकारातला. त्यामुळे आमचं छान जमलं. मी बोलत असे आणि ते खिडकीबाहेर बघत ऐकत असत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याहून बंगळूरला बदलून आलो होतो आणि बसवनगुडीत भाड्याने राहत होतो. कारखाना होसकोट्याला. कंपनीची बस शहराचं एक टोक ते दुसरं टोक अशी रांगत जायची. त्या बसमध्ये कन्नड, तमिळ, तेलुगू असा सगळा गलबला. मी बिचारा मराठीसाठी तहानलेला. अशात के. आर. पुरमच्या स्टॉपवर एक सावळा, उंच माणूस चढला, माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "जरा सरकता काय वो सर?" मला गहिवरून आलं. एवढा सरकलो की खिडकीलाच चिकटलो.

"निपाणीकडचे?"

"होय की."

"नाव?"

"इनामदार. डी. बी. इनामदार. क्वालिटीत आहे."

तिकडे सगळेच आद्याक्षरांत राहतात. ऑफिसात के. एस., टी. आर., एम. व्ही. अशी नुसती बाराखडी हिंडायची. मी घरी येऊन बायकोला, शैलाला, जाहीर केलं, "आपला एक माणूस सापडला. डी म्हणजे दत्तात्रय असणार, बी म्हणजे बाळकृष्ण." माझी संशोधनवृत्ती इथेच थांबली नाही. इनामदार कँटीनच्या मटणाला हात लावत नसत. 'सोवळं पाळतात हो अजून,' असा निष्कर्ष मी काढला. मटण कधीचं असतं आणि कुठून येतं याचा त्यांना भरवसा नव्हता, एवढंच कारण होतं. पण ते मी विचारलं कुठे?

चार महिने मी त्यांना माझ्या मतांचा रतीब घातला. इथले लोक आपल्याला कसं परकं समजतात, रिक्षावाला मला कन्नड येत नाही म्हणून कसा हसला, माणसं किती कोत्या मनाची असतात वगैरे. बस एका मुसलमान वस्तीतून जायची. तिथे मी रोज नाकाला रुमाल लावायचो आणि म्हणायचो, "या लोकांना स्वच्छतेचं काही नाही हो." इनामदार बाहेर बघत म्हणायचे, "वास येतोय खरा. गटार उघडं आहे की. दोनदा पालिकेत सांगितलंय म्हणं." मला वाटे, काय सहनशील माणूस!

इनामदार लॉजवर राहत होते. बायको आणि पाच वर्षांची मुलगी निपाणीला. त्यांना जूनच्या आत घर हवं होतं. बसवनगुडीतल्या एका शाळेत मुलीचं नाव घालून झालं होतं. घर मात्र मिळत नव्हतं. "फोनवर घर रिकामं असतंय सर. नाव सांगितलं की मालकाचा भाचा यायचा असतोय." हे ते म्हणाले होते, अगदी असंच म्हणाले होते. पण माझ्या डोक्यात ते शिरलं नाही, कारण मी बोलत होतो. "अहो, तुम्हाला घरमालकांशी बोलताच येत नाही! माझ्यावर सोडा."

आमच्या घरमालकीण सुभद्राक्का. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेलं. त्यांचं मराठी कन्नडच्या डब्यात इतकी वर्षं मुरलं होतं की मला अर्धंच कळायचं, आणि शुद्ध मराठीचा सर्व हिंदुस्थानातला मुखत्यार असल्यासारखा मी त्याला मनातल्या मनात हसायचो. त्यांचा वरचा मजला रिकामा होता. मी सांगितलं, "अक्का, आपलाच माणूस आहे. निपाणीचे इनामदार." अक्का म्हणाल्या, "तुम्ही आपला म्हणता, सरी, ठीक आहे. मग मला काय बघायचं?" इनामदार घर बघून गेले. गच्चीवरून गुलमोहर दिसतो म्हणून खूश झाले. सगळं ठरलं.

पुढच्या रविवारी ते आमच्याकडे चहाला आले. मुलीचा विषय निघाला. "फोन केला की आधी अब्बा, अब्बा करून कान किटवतेय," असं काहीतरी म्हणाले. मी कौतुकाने शैलाला समजावलं, "इकडे कन्नडचा परिणाम. अप्पा म्हणतात." शैलाने माझ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि जे मला चार महिन्यांत सुचलं नव्हतं ते अर्ध्या मिनिटात केलं.

"भाऊजी, तुमचं नाव काय हो?"

"दस्तगीर. वडलांचं बाबालाल."

चहा माझ्या नाकात गेला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. मग मी स्वतःला सावरलं, यजमानासारखा ताठ बसलो आणि अत्यंत आदबीने म्हणालो, "और थोडा चाय लेंगे आप?"

इनामदारांनी कप पुढे केला. "घेतो की. पण सर, एवढ्यात माझं मराठी गेलं काय वो?"

शैला पदर तोंडाला लावून आत पळाली. मी हसलो, पण ते हसणंसुद्धा बहुतेक हिंदीतच होतं. काय सांगू, जीभ ऐकेचना! मुसलमान नाव कानावर पडलं की आम्हा मराठी माणसांची जीभ आपोआप हिंदीकडे वळते, आणि तीही कसली हिंदी? 'तुम बसो, मैं आताच आया' असली.

मग मला एकेक आठवायला लागलं. रुमाल. 'या लोकांना.' भाचा. "तुम्ही सांगितलं नाहीत कधी," मी म्हणालो, जणू चूक त्यांचीच.

"विचारलं नाही की. तुम्ही बसमध्ये बोलायचात, मला वाईट वाटायचं. नाही असं नाही. पण अक्कांना आपला माणूस म्हणालात ना, तवा लई बरं वाटलं बगा. मला वाटलं, एवढ्यात कुणीतरी माझं नाव सांगितलं असंल ह्यांना." कप खाली ठेवून ते उठले. "चला, अक्कांना सांगून येऊ."

"कशाला?" मी दचकलोच. "राहायला आल्यावर हळूहळू कळेल की!"

"सामान चढवल्यावर उतरवायचं जास्त जड जातंय सर."

अक्का पडवीत अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. इनामदार समोर उभे राहून म्हणाले, "अक्का, मी दस्तगीर बाबालाल इनामदार. मुसलमान आहे. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं असं आत्ता कळलं."

"अय्यो," अक्का म्हणाल्या. आणखी दोन शेंगा सोलल्या. मग माझ्याकडे बघून, "लेलेअण्णा, तुम्ही आपला माणूस म्हणाला."

"आहेच की अक्का!" मी तावातावाने सुरू झालो. "मराठी बोलतात, निपाणीचे आहेत, कँटीनमध्ये मटणाला शिवत नाहीत..."

"घरी खातो की," इनामदार म्हणाले.

अक्का दुष्ट नव्हत्या. त्यांनी इनामदारांना बसायला लावलं, कॉफी मागवली. मलाच वाईट वाटेल इतक्या त्या अवघडल्या होत्या. "मला काही नाही बा. पण समोरचे आहेत, नणंदेचं येणं आहे. उद्या गावात काही झालं तर ह्या गल्लीत तुम्हालाच भय." बराच विचार करून त्यांचा चेहरा उजळला. "असं करूया. पाटीवर डी. बी. असू दे. मटण बाहेर खावा. आणि मुलीला अब्बा नको, अप्पा म्हणायला शिकवा. इथं सगळी मुलं अप्पाच म्हणतात, कुणाला कळणार पण नाही. स्वल्प अ‍ॅडजस्ट करायचं."

मला तर उडी मारावीशी वाटली. सुटला प्रश्न! घर मिळालं, अक्का खूश, माझा शब्द राहिला. "अहो इनामदार, 'ब'च्या जागी 'प'! एका अक्षराचा तर प्रश्न आहे!" दोन राष्ट्रांत तह घडवून आणल्यासारखा मी दोघांकडे आळीपाळीने बघत होतो.

इनामदारांनी कॉफी संपवली. "मटण बाहेर खाईन अक्का. तुमचं घर, तुमचा नियम. पाटी तर नकोच मला. पण पोरीला काय सांगू? मी आलो की ती जिन्यावरनं पळत खाली येणार, हाक मारणार. तवा तिचं तोंड दाबायचं काय?"

"लहान आहे हो. शिकेल की."

"त्येचंच भ्या वाटतंय अक्का," ते म्हणाले. "शिकंल."

त्यांनी अक्कांना वाकून नमस्कार केला आणि निघाले. बसस्टॉपपर्यंत मी त्यांना व्यवहार समजावत होतो. जून तोंडावर आलाय, शाळा जाईल, तत्त्वं काय नंतरही पाळता येतात. ते मध्येच थांबले. "सर, तुमचं पूर्ण नाव काय वो?"

"श्रीपाद विष्णू लेले."

"बगा," ते म्हणाले, "किती सहज सांगितलंत." आणि बस आली.

बसवनगुडीतली शाळा गेलीच. इनामदारांनी के. आर. पुरमला, रेल्वेलाइनला लागून, टायरच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या. मुलगी तिथल्या साध्या शाळेत जाऊ लागली. मी सांत्वन काय केलं असेल? "एका अर्थी बरंच झालं, तुम्हाला होसकोटे जवळ पडतं." ते हसले. म्हणाले, "जवळ पडतंय, पण पोरगी गुलमोहर कुठाय म्हणून विचारतेय." त्या दिवशी खिडकीबाहेर मी बघत राहिलो. इतक्या महिन्यांत प्रथमच.

माझी हिंदी मात्र त्यांनी जिद्दीने उतरवली. बसमध्ये मी चुकून 'बैठिए' म्हटलं की ते अस्खलित कन्नडमध्ये उत्तर द्यायचे. मला ओ की ठो कळायचं नाही. मग मी गयावया करत मराठीवर यायचो आणि ते म्हणायचे, "हां, आता बोला. काय म्हणत होता?" त्या बसमध्ये मी पहिल्यांदा दुसऱ्याला प्रश्न विचारायला शिकलो. विचारलं की इनामदार भरभरून सांगत. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, वडलांचा भजनाचा नाद, बायकोने शिवलेल्या गोधड्या. केवढं होतं त्या माणसाजवळ! आणि मी दत्तात्रय बाळकृष्ण घेऊन बसलो होतो.

दोन वर्षांनी माझी पुण्याला बदली झाली. निरोप घ्यायला मी के. आर. पुरमला गेलो. इनामदार समोरच्या दुकानात दूध आणायला गेले होते. त्यांची रुबिना खिडकीत उभी होती. मला पाहून तिला कोण आनंद झाला. तेवढ्यात मालगाडी आली, लांबलचक, धडधडत. त्या आवाजावर मात करायला पोरीने खिडकीचे गज धरले, मान वर केली आणि सगळा जीव घशात आणून ओरडली, "अब्बाऽऽ! लेलेकाका आलेत! अब्बाऽऽ!"

रस्त्यापलीकडे इनामदारांनी पिशवी उंच करून हलवली. टायरवाला पंक्चर काढत राहिला, भाजीवाली वांगी निवडत राहिली. घाबरून इकडेतिकडे पाहिलं ते फक्त मी.