लेस बांधायच्या आधी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे डोंबिवलीत आमच्या रिंकवर येणारी चिल्लीपिल्लीसुद्धा सांगतील. बर्फावर करतात ते फिगर स्केटिंग मी चाकांच्या बुटांवर शिकवते. नियम एकच: आधीच्या सरांना सांगून, त्यांच्या पाया पडून आल्याशिवाय माझ्या रिंकवर बुटाची लेस बांधायची नाही.

काही वर्षांपूर्वी कळव्याहून एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी लहानपणापासून ठाण्यातल्या एका सरांकडे शिकत होती. "सरांना सांगितलंत?" मी विचारलं.

"कालच त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडलो ना," आई म्हणाली.

माझं डोकंच सटकलं. "अहो ताई, ग्रुप सोडला म्हणजे सांगणं झालं का? ज्यांनी पोरीला चाकांवर उभं केलं, त्यांना निदान तोंड तरी दाखवा."

"स्पर्धा तोंडावर आलीये, मॅडम. बाकीचे कोच असलं काही विचारत नाहीत."

"मग जा त्यांच्याकडे."

मुलीने हातातले बूट परत पिशवीत घातले.

दुसऱ्या दिवशी मायलेकी ठाण्याला जाऊन आल्या. सर भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "जा. पण मी बसवलेला प्रोग्राम इथेच राहील." प्रोग्राम म्हणजे ते गाणं आणि त्यावरच्या सगळ्या गिरक्या, उड्या. परवानगी मिळाली, पण स्पर्धेसाठी पोरीच्या हाती काहीच उरलं नाही. असा संताप आला मला, वाटलं फोन करून चार शब्द सुनावावेत. नाही केला. बसवलेलं त्यांचंच होतं. मुकाट्याने नवीन गाणं घेतलं आणि पोर राब राब राबली. स्पर्धेत नंबर आला नाही, पण पडलीही नाही. मला तेवढ्यानेच पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

मग ती माझीच झाली. गिरकीत तिचा डावा खांदा वर जायचा, मी रोज ओरडायचे, ती रोज हसायची. तिच्यासाठी नवं काही बसवायला लागले की मला चहाचीही आठवण राहायची नाही. फार सुखाचे दिवस होते.

यंदा एका संध्याकाळी ती एकटीच आली. आता कॉलेजात जाते. बूट पिशवीतच होते. कठड्याशी उभी राहून म्हणाली, "मॅडम, पुढचं शिकायला पुण्याच्या एका मॅडमकडे जावंसं वाटतंय. त्यांच्याशी अजून बोलले नाहीये. आधी तुम्हाला विचारायला आले." आणि वाकली.

खोटं कशाला बोलू, नाही म्हणावंसं वाटलं. सरांनी तो प्रोग्राम का ठेवून घेतला असेल, ते मला तेव्हा कळलं.

"जा," मी म्हटलं.

ती घुटमळली. "प्रोग्राम इथेच ठेवायचा ना?"

"घेऊन जा तो. माझ्या गुडघ्यांना काय पेलणार आहे? आणि खांदा खाली ठेव, नाहीतर त्या विचारतील, कुणी शिकवलं हिला."

"सांगेन ना," ती म्हणाली. "आधी सरांनी, मग तुम्ही."

मी तिच्या पिशवीकडे बोट केलं. "बांध आता लेस. जायच्या आधी एकदा करून दाखव."