पेजेचा लोटा आणि फाईलमधली ओळ

"तुम्हाला शुगर आहे," डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं. मी बेचाळीस वर्षांची, गाव करडी. पाय जळजळ करत होते म्हणून भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेली होती. मले वाटलं होतं, उन्हाळी धानाच्या चिखलात उभं राहून होत असंल.

तिथंच क्लिनिकल ट्रायल सुरू होती. क्लिनिकल ट्रायल म्हणजे नवीन औषध माणसांवर तपासून पाहणं. त्यांनी कागद वाचून दाखवला, नको वाटलं तर कधीबी निघा म्हणाले. मी सही केली. गोळ्या दिल्या आणि एक डायरी दिली. रोज काय खाल्लं ते तिच्यात लिहायचं. मी एक दिवस चुकवला नाही.

तीन महिन्यांनी एचबीए१सी केली. ही तपासणी मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. आकडा वाढलेला. ट्रायलचा डॉक्टर, माह्या भाच्याएवढा, डायरी चाळून म्हणाला, "बाई, एवढ्याशा जेवणावर साखर वाढत नाही. तुम्ही खोटं लिहिता." दार उघडं होतं. बाहेर बाकड्यावर आमच्याच गावच्या चार बाया बसल्या होत्या. त्यानं फाईलमध्येबी तसंच लिहिलं.

माह्या आंगाची लाही लाही झाली. साखर गेली चुलीत, मले ती ओळ खोडून पाहिजे होती, त्याच्याच हातानं. घरी मालक म्हणाले, "कायले डोस्कं फिरवून घेतेस? जाऊ दे."

काहून जाऊ देऊ? महिनाभर मनातल्या मनात त्याले शिव्या घातल्या. पुढच्या तारखेला म्हटलं, "साहेब, एक दिवस माह्या बांधीवर, धानाच्या शेतात, येऊन बसा. माह्या तोंडात काय जाते ते डोळ्यानं पाहा. मी खरी निघाली, तर ती ओळ खोडा."

पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसात तो खरंच आला. त्याचा एक बूट चिखलात रुतून बसला. मी काढून दिला नाही. बाया तोंडाले पदर लावून हसून राहिल्या होत्या. मले लई बरं वाटलं, खोटं कायले सांगू.

दहा वाजता मी पेजेचा लोटा तोंडाले लावला. बारा वाजता दुसरा, तीन वाजता तिसरा.

"हे डायरीत कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"पेज आहे ते. पिते मी, खात थोडीच आहे?"

त्यानं लोट्याच्या बुडाशी राहिलेली शितं दाखवली. "बाई, हा भातच आहे. पाण्यात शिजलेला."

माह्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याकडं पेज कोणी जेवणात धरत नाही. तहान लागली की पेज. मीच लोट्यानं साखर वाढवून राहिली होती.

पण मी सोडलं नाही. पुढच्या तारखेला दार सताड उघडं ठेवलं. "मी लपवलं का? तुमच्यासमोर प्याली. तुम्ही पेज कधी विचारलीच नाही."

त्यानं फाईल पुढं ओढली. मग म्हणाला, "खरं आहे. चूक माझी."

"जोरानं बोला, बाकड्यापर्यंत गेलं पाहिजे."

तो जोरानं बोलला.

ट्रायलच्या कागदावर लिहिलेलं पुसून टाकत नाहीत. ओळीवर एक रेघ मारतात, बाजूले सही आणि तारीख; त्यानं तसंच केलं. खालचं वाचता येते, त्यानं काय लिहिलं आणि काय खोडलं दोन्ही दिसते. मले तेच पाहिजे होतं.

आता पेज वाटीनं मोजून पिते, आकडा उतरला आहे. तुम्हाले शुगर निघाली तर पिता तेबी लिहा. त्या डॉक्टरचे उपकार आहेत, मानते. नव्या डायरीत छापील रकाना आहे: पेज, किती लोटे. पण दर तारखेले मी आधी फाईल उघडायले लावते. ती रेघ पाहिल्याशिवाय रक्त द्यायले हात पुढं करत नाही.