बाकड्याच्या उंचीची खिडकी

बारामतीत लेकीला ट्रंक द्यायची तर ती हैदरचीच. झाकणावर कमळ, कडा अशा वळवलेल्या की तान्ह्या पोराचाही हात कापायचा नाही. पण पंचावन्न साली त्याच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे! लष्करानं लिलावात काढलेली एक बंद मोटार त्यानं दारात आणून उभी केली. चारी बाजूंनी नुसता पत्रा. चाकं लावलेली थोरली ट्रंकच म्हणा ना!

"हिच्यात आता काय भरनार?" त्याच्या बायकोनं, नूरजहाँनं विचारलं.

"माणसं. लग्नाची वऱ्हाडं न्यायाची."

पहिलं गिऱ्हाईक जळोचीचे मोहनराव. त्यांच्या मुलाचं लग्न इंदापुरात ठरलं होतं. मोहनरावांच्या मनात गाडी भरली तर त्यांची अख्खी भावकी हंगामभर हैदरची, आणि नाही भरली तर जन्मभर ट्रंकाच ठोकायच्या, हे हैदर पक्कं जाणून होता. मोहनरावांनी मोटारीभोवती एक फेरी मारली.

"दांडगी हाय. पर आत बसल्याव आमी दिसायचं कसं?"

"दिसायचं?"

"आरं, वाटंत लासुर्ण्यात माजं साडू हायेत. मोटारीतनं गेलो आन् त्यास्नी दिसलोच न्हाय, तर बैलगाडी काय वाईट हुती?"

म्हणजे खिडक्या आल्या. हैदरनं मोहनरावांनाच बाकड्यावर बसवलं आणि पत्र्यावर खडूनं खुणा केल्या.

"तुरा धरून माप घे," मोहनराव फेटा सावरत म्हणाले.

पुढं आठ दिवस आळीत छिन्नीचा ठणठणाट. पत्रा कापला, कडांत तार भरून त्या ट्रंकेसारख्या वळवल्या, सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून तिच्या खाचेत काचा बसवल्या. काचा तसबिरीवाल्याकडच्या, निम्म्या सरकणाऱ्या.

"बायांचं माप घ्येतलं का?" नूरजहाँनं विचारलं.

"त्या काय येगळ्या बसत्यात? बाकडं सगळ्यास्नी एकच."

नूरजहाँ नुसती हसली.

लग्नाच्या सकाळी पुरुष आधी चढले आणि दोन्ही बाजूंची बाकडी धरून बसले. मग बायका चढल्या. मोहनरावांचे थोरले भाऊ, सावळारामआबा, बाकड्यावर होते. त्यांच्या बरोबरीनं कोण बसणार? सगळ्या जणी पदर सावरत खाली तळाच्या फळीवर बसल्या. हैदरला नूरजहाँचा प्रश्न आठवला, पण आता काय! वर तसबिरीतले थोर पुरुष, खाली बाया.

लासुर्णं आलं, गेलं. साडूंनी तुरा बघितला. मोहनराव धन्य झाले. एवढ्यात खालून आवाज आला, "हैदरभाई, थांबवा गाडी."

मोहनरावांच्या बायको, ठमाबाई. आज वरमाई!

"काय झालं वैनी?"

"लासुर्णं गेलं म्हनं. माजी सख्खी भन हाय तितं. मला काय दिसलं? तुमच्या पत्र्याचं खिळं. अठ्ठावीस हायेत."

"मग वर बसा की."

साऱ्या बायांनी पदर तोंडाला लावले, जशी काही हैदरनं शिवीच दिली.

"थोरल्या भावजींपुढं?" ठमाबाई म्हणाल्या. सावळारामआबा खिडकीतून पिंक टाकत होते. त्यांना काही ऐकू आलं नाही. "खिडकी न्हाय तर मी हितनंच माघारी. लावा लगीन वरमाईबिगर."

"हैदर," मोहनरावांचा तुरा थरथरला, "काय तरी कर बाबा."

हैदरनं छिन्नी काढली. रस्त्याच्या कडेला दोन्ही बाजूंचा पत्रा फळीपासून वीतभर वर तीन अंगांनी कापला, ट्रंकेच्या झाकणासारखा वर उचलून झडपा केल्या, पकडीनं धारा आत मुडपल्या. "बगा, वैनी."

ठमाबाईंनी तोंड बाहेर काढलं. "आता कसं!"

इंदापुरात गाडी शिरली तशी अख्खी पेठ वाकून वाकून बघायला लागली. "आगं, ती बग वरमाई! नथ बग!" मोहनरावांनी काचेवर टकटक केली, खाकरून पाहिलं. वर कोणी मान करीना.

लग्न लागलं. परतीला मोहनराव सगळ्यांत आधी चढले आणि थेट खाली बसले, झडपेशी.

"वर वारं लई लागतंय."

सावळारामआबा दुसऱ्या झडपेला टेकले. आता आबा खाली म्हटल्यावर वर बसायची कुणाची छाती? अख्खं वऱ्हाड फळीवर, नव्या नवरीसकट, एकमेकांच्या मांडीवर. रिकाम्या बाकड्यांवर मग हंडे, घागरी न् नवरीची ट्रंक बसली आणि काचांमधून आरामात मुलूख बघत निघाली. लासुर्ण्यात मोहनरावांनी डोकं बाहेर काढलं तर फेटा आडवा आला. शेवटी तो मांडीवर काढून ठेवून त्यांनी बोडक्यानंच साडूंना हाक मारली.

जळोचीला वऱ्हाड उतरताना हैदर दार धरून उभा.

"पुढल्या गुरवारी भाचीचं हाय, पळसदेवला," ठमाबाई म्हणाल्या. "गाडी तुमचीच. तेवढी ती बाकडी काडा."

"आन् माज्या काचा?"

"त्या खाली सरकव," मोहनराव म्हणाले.

"मोहनराव, खिडकी हाय ती. पाट न्हाय सरकवाया."

"मग नव्या पाड. पत्रा लई शिल्लक हाय."

हैदर खडू घेऊन फळीवर बसला आणि गुरुवारला किती दिवस राहिले ते बोटांवर मोजायला लागला.